फ्रेडरिक राइनेस यांचं न्यूट्रिनो-संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, पदार्थाशी क्वचितच टक्कर घेणारा सूक्ष्म कण. त्याचा विषय निघाला की पाउली आणि फर्मी यांची नावं आधी येतात, कारण त्यांनी तो कागदावर मांडला. तो प्रत्यक्षात पकडला कोणी, कसा, आणि पकडला याची खात्री काय, हे मात्र बहुतेक पुस्तकं एका ओळीत उरकतात. ज्यांनी तो पकडला त्यांपैकी फ्रेडरिक राइनेस यांची पुढची चाळीस वर्षंही याच कामात गेली, आणि त्या वाटेवर कोलारची सोन्याची खाण आणि मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हीही भेटते. विद्यार्थी, शिक्षक आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

राइनेस कोण होते, थोडक्यात सांगाल का?

अमेरिकन प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ. जन्म १६ मार्च १९१८, न्यू जर्सी राज्यातल्या पॅटर्सन गावी. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून १९३९ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९४४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट केली. त्याच वर्षी ते लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रकल्पात रिचर्ड फाइनमन यांच्या गटात रुजू झाले. १९५९ साली क्लीव्हलँडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये आणि १९६६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नव्या अर्व्हाइन शाखेत गेले. तिथे ते भौतिक विज्ञान विभागाचे पहिले डीन होते. १९९५ साली नोबेल मिळालं. २६ ऑगस्ट १९९८ रोजी निधन.

विज्ञानाची ओढ कुठून लागली?

त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. धार्मिक शिक्षणाच्या वर्गात कंटाळा आला होता, संध्याकाळची वेळ होती. मुठीची दुर्बीण करून ते खिडकीबाहेर बघत बसले आणि बोटांच्या फटीतून येणारा प्रकाश काहीतरी वेगळाच वागतोय असं त्यांच्या लक्षात आलं. ते प्रकाशाचं विवर्तन होतं, हे पुढे कळलं. मला या गोष्टीत मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की तो मुलगा नुसता बघून थांबला नाही, आपल्याला दिसतंय ते नक्की काय आहे याच्या मागे लागला. पुढचं सगळं संशोधन याच सवयीवर उभं आहे.

न्यूट्रिनो पकडणं इतकं अवघड का?

बीटा ऱ्हासात, म्हणजे किरणोत्सारी अणुकेंद्रकातून, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. तो जुळवण्यासाठी वोल्फगांग पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रातून न दिसणाऱ्या, विद्युतभार नसलेल्या कणाची कल्पना मांडली. फर्मींनी १९३४ मध्ये त्यावर नीट सिद्धांत रचला. त्याच वर्षी बेथे आणि पायर्ल्स यांनी हा कण पदार्थाशी किती वेळा टक्कर घेईल याचं गणित केलं. उत्तर आलं ते असं, की घन पदार्थातून १००० प्रकाशवर्षांइतकं अंतर तो सहज पार करेल. म्हणून तो व्यवहारात कधीच दिसणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

गणित बरोबरच होतं. फक्त १९३४ साली अणुभट्टी नव्हती आणि शेकडो लिटरचे डिटेक्टरही नव्हते. टक्कर होण्याची शक्यता नगण्य असली, तरी दर सेकंदाला अब्जावधी-अब्जावधी कण येत असतील आणि समोर भरपूर प्रोटॉन ठेवलेले असतील, तर अधूनमधून एखादी टक्कर होणारच. प्रश्न उरतो तो ती एक टक्कर बाकीच्या कल्लोळातून ओळखायची कशी, हा.

अणुबाँबच्या शेजारी न्यूट्रिनो शोधायचा बेत होता, हे खरं आहे का?

हो, आणि त्याला लॉस अलामोसचे संचालक नॉरिस ब्रॅडबरी यांची मंजुरीही मिळाली होती. १९५१ साली राइनेस यांनी बाँबच्या कामातून थोडी उसंत मागून घेतली, मूलभूत भौतिकीत काय करता येईल याचा विचार करण्यासाठी. विचार न्यूट्रिनोपाशी येऊन थांबला. फर्मी तेव्हा लॉस अलामोसला आले होते, त्यांना विचारलं. बाँब हा सर्वांत चांगला स्रोत ठरेल हे त्यांना पटलं, पण एवढा मोठा डिटेक्टर कसा बनवायचा हे त्यांनाही सुचेना.

पुढे राइनेस आणि त्यांचे सहकारी क्लाइड कावन विमानाने प्रिन्स्टनला निघाले असता इंजिन बिघडलं आणि दोघे कॅन्सस सिटीच्या विमानतळावर अडकले. वेळ भरपूर होता. गप्पांच्या ओघात दोघांनी न्यूट्रिनोच्या मागे लागायचं ठरवून टाकलं. प्रकल्पाचं नाव ठेवलं ‘पोल्टरगाइस्ट’, म्हणजे न दिसता खडखडाट करणारं भूत.

बेत असा होता: २० किलोटनच्या बाँबपासून सुमारे ४० मीटरवर एक खोल विहीर खणायची, तिच्यात हवा काढून घेतलेली टाकी बसवायची आणि स्फोटाच्या क्षणी टाकीतला डिटेक्टर सोडून द्यायचा. तो मुक्तपणे खाली पडत असल्यामुळे स्फोटाच्या हादऱ्यातून वाचेल, आणि पडता पडता मोजणी करेल. तळाशी पिसं आणि फोम रबर यांची गादी. किरणोत्सार उतरला की काही दिवसांनी खणून काढायचा.

मग बाँब सोडून अणुभट्टीकडे का वळले?

१९५२ च्या शरद ऋतूत प्रयोगशाळेतले वरिष्ठ जे. एम. बी. केलॉग यांनी दोघांना सुचवलं की बाँबच लागतो का, याचा पुन्हा एकदा विचार करा. त्या पुनर्विचारातून जी युक्ती निघाली, ती राइनेस यांच्या अख्ख्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे असं माझं मत आहे.

अणुभट्टीतून निघणारा प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) पाण्यातल्या प्रोटॉनवर आदळला तर दोन गोष्टी जन्माला येतात: एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण, आणि एक न्यूट्रॉन. पॉझिट्रॉन लगेच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. न्यूट्रॉन मात्र काही मायक्रोसेकंद पाण्यात भटकतो, त्याचा वेग मंदावतो आणि मग तो पाण्यात विरघळवलेल्या कॅडमियमच्या अणुकेंद्रकात शिरतो. तेव्हा गॅमा किरणांचा दुसरा झोत निघतो. म्हणजे आधी एक खूण, थोड्या अंतराने दुसरी. दाराची कडी एकदा वाजली तर वारा असेल, ठरावीक अंतराने दोनदा वाजली तर दाराशी कुणीतरी उभं आहे. या जोडखुणेमुळे खोट्या घटना इतक्या गाळल्या जातात की बाँबच्या मानाने सौम्य असलेली अणुभट्टीही पुरते. शिवाय अणुभट्टीजवळ महिनोन्‌महिने बसून मोजता येतं, चूक झाली तर दुरुस्त करून पुन्हा मोजता येतं. ऑक्टोबर १९५२ मध्ये त्यांनी फर्मींना पत्र लिहून हा बदललेला बेत कळवला.

हॅनफर्डचा पहिला प्रयोग फसला होता का?

फसला म्हणण्यापेक्षा अर्धवट राहिला. १९५३ च्या वसंतात वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड अणुभट्टीजवळ त्यांनी ३०० लिटर द्रव सिंटिलेटरची टाकी मांडली. सिंटिलेटर म्हणजे किरण आतून गेला की क्षणभर चमकणारा पदार्थ. ती चमक टिपायला भोवती ९० फोटोमल्टिप्लायर नळ्या होत्या. त्या काळचे डिटेक्टर एखाद-दोन लिटरचे असत, हे लक्षात घेतलं तर ही झेप किती मोठी होती ते कळतं. उपकरणाला नाव दिलं ‘हेर आउगे’, जर्मनमध्ये ‘श्रीयुत डोळा’.

शिशाच्या विटांची भिंत रचायची, मोजायचं, भिंत पाडून वेगळी रचायची, पुन्हा मोजायचं, असं शेकडो टन शिसं इकडून तिकडे झालं. भट्टी चालू असताना मोजणी किंचित वाढत होती, पण भट्टी बंद असतानाही जोडखुणा येतच होत्या. परत येऊन लॉस अलामोसला डिटेक्टर जमिनीखाली ठेवून पाहिला, तेव्हा उलगडा झाला: त्या खोट्या जोड्या वैश्विक किरणांच्या, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांच्या होत्या. ‘काहीतरी दिसतंय, पण पुरेसं नाही’ असंच त्यांनी छापलं. मला ते फार आवडतं.

माणसाला डिटेक्टरमध्ये बसवलं होतं, ही काय भानगड?

हॅनफर्डच्या तयारीच्या काळातली गोष्ट आहे. एवढा मोठा सिंटिलेटर हाताशी आहे म्हटल्यावर त्याच्या मधल्या पोकळीत माणसाला बसवून शरीरातला नैसर्गिक किरणोत्सार मोजून पाहिला. आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचा एक अंश किरणोत्सारी असतो आणि तो मोजता आला. संपूर्ण शरीराचा किरणोत्सार मोजणारी यंत्रं पुढे याच वाटेने आली. न्यूट्रिनोच्या मागे लागलेल्यांकडून वैद्यकाला मिळालेली ही देणगी.

सव्हाना रिव्हरचं उपकरण नेमकं कसं होतं?

भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांच्या सुचवण्यावरून १९५५ मध्ये सगळं बिऱ्हाड दक्षिण कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीकडे हललं. भट्टीच्या गाभ्यापासून ११ मीटरवर, जमिनीखाली १२ मीटर खोल जागा मिळाली. वरच्या थरांमुळे वैश्विक किरण बरेच अडत होते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे १० लाख कोटी प्रतिन्यूट्रिनो जात होते.

उपकरण थरांचं होतं. सिंटिलेटरच्या तीन मोठ्या टाक्या, प्रत्येकी १४०० लिटरची, एकावर एक. त्यांच्या मधल्या दोन फटींत पाण्याच्या दोन चपट्या टाक्या, प्रत्येकी २०० लिटरच्या, कॅडमियम क्लोराइड विरघळवलेल्या. पाण्याच्या टाक्या लांबरुंद पण जाडीला जेमतेम ७ सेंटिमीटर. इतक्या चपट्या का, तर आत जन्मलेले गॅमा किरण पाण्यातच न जिरता वरच्या आणि खालच्या सिंटिलेटरमध्ये पोचावेत म्हणून. प्रत्येक सिंटिलेटर टाकीला ११० फोटोमल्टिप्लायर नळ्या. पाण्याच्या एखाद्या टाकीला लागून असलेल्या वरच्या आणि खालच्या सिंटिलेटर टाकीत एकदमच चमक दिसली, आणि काही मायक्रोसेकंदांनी त्याच दोन टाक्यांत पुन्हा दिसली, तर ऑसिलोस्कोपवर उमटलेल्या रेषांचा फोटो निघायचा. तिन्ही टाक्यांत एकदम चमक दिसली, तर तो आरपार गेलेला वैश्विक किरण. ती नोंद बाद.

सापडला तो न्यूट्रिनोच, हे कशावरून?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि याचं उत्तर लांब आहे, कारण त्यांनी स्वतःच्या खुणेची उलटतपासणी एकदा नव्हे, अनेक अंगांनी केली. मोजणी एकूण १३७१ तास चालली, त्यात भट्टी बंद असतानाचे तासही धरलेले आहेत.

भट्टी बंद केली की खूण घटते का? घटते. ताशी जेमतेम तीन घटना भट्टीच्या खात्यावर जात होत्या.

पहिली चमक पॉझिट्रॉनचीच कशावरून? पॉझिट्रॉन सोडणारं किरणोत्सारी तांबं पाण्यात विरघळवून पाहिलं. त्याच्या चमकेची ठेवण आणि प्रयोगातल्या पहिल्या चमकेची ठेवण जुळली. मग पाण्याची टाकी आणि सिंटिलेटर यांच्या मध्ये शिशाचा पत्रा सरकवला. पॉझिट्रॉनचे गॅमा किरण असतील तर ते शिशात अडले पाहिजेत. अडले.

दुसरी चमक न्यूट्रॉनचीच कशावरून? पाण्यातलं कॅडमियमच काढून टाकलं. न्यूट्रॉन शोषणारं कुणी उरलं नाही, आणि जोडखुणाही नाहीशा झाल्या. कॅडमियमचं प्रमाण बदललं की दोन चमकांमधलं अंतरही अपेक्षेप्रमाणे बदलत होतं.

टक्कर प्रोटॉनशीच होते कशावरून? साध्या पाण्यात जड पाणी मिसळलं. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतं आणि त्यातला प्रोटॉन न्यूट्रॉनशी बांधलेला असल्यामुळे ही अभिक्रिया तिथे फार कमी होते. मोकळे प्रोटॉन निम्मे झाले, तसा खुणांचा दरही पडला.

आणि शेवटची, मनात हमखास येणारी शंका: भट्टीतून निसटलेले न्यूट्रॉन आणि गॅमा किरणच हे सोंग करत असतील तर? त्यावर त्यांनी केलेला उपाय मला या साऱ्या प्रयोगातला सर्वांत देखणा भाग वाटतो. जवळच्या लाकडाच्या वखारीतून भुशाची पोती आणली, ती पाण्यात भिजवली आणि भट्टी व उपकरण यांच्या मध्ये रचली. भिजलेला भुसा न्यूट्रॉन उत्तम अडवतो. भट्टीतून येणारे न्यूट्रॉन कितीतरी कमी झाले, पण खुणांचा दर जिथल्या तिथे. जे काही येत होतं त्याला ओल्या भुशाचं सोयरसुतक नव्हतं.

पाउलींना पाठवलेली तार कधीची?

१४ जून १९५६. विखंडनातून निघालेले न्यूट्रिनो निश्चितपणे आढळले आहेत आणि मोजलेला काटछेद अपेक्षेशी चांगला जुळतो, असा मजकूर होता. काटछेद म्हणजे टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप. तार झुरिकला गेली, पण पाउली तेव्हा जिनिव्हाजवळ सर्नच्या परिषदेत होते. तिथे ती पोचली तेव्हा त्यांनी चालू सभा थांबवून सगळ्यांना वाचून दाखवली. कल्पना मांडल्याला साडेपंचवीस वर्षं झाली होती. फर्मी मात्र हे ऐकायला नव्हते. नोव्हेंबर १९५४ मध्ये ते गेले. शोधनिबंध २० जुलै १९५६ च्या ‘सायन्स’मध्ये आला. कावन आणि राइनेस यांच्याबरोबर हॅरिसन, क्रूझ आणि मॅकग्वायर यांचीही नावं त्यावर आहेत, हे विसरू नये.

१९५६ चा आकडा नंतर बदलला, हे खरं का?

खरं आहे. तारेत काटछेदाचा जो आकडा होता तो त्या वेळच्या सिद्धांताशी जुळत होता. पण १९५७ मध्ये बीटा ऱ्हासात डाव्या-उजव्याची समता मोडते हे सिद्ध झालं, आणि त्या नव्या चौकटीत अपेक्षित काटछेद जवळपास दुप्पट झाला. राइनेस-कावन यांनी उपकरणाच्या कार्यक्षमतेचा हिशेब पुन्हा तपासला, तेव्हा आधी ती जास्त धरली गेली होती असं निघालं. सुधारलेला आकडा नव्या अपेक्षेच्या आसपास आला.

यावर काही जण म्हणतात की अपेक्षा बदलली तसं उत्तरही बदललं. ही टीका पूर्णपणे झटकून टाकण्यासारखी नाही; प्रत्येक प्रयोगशाळेने ती लक्षात ठेवावी. पण शोधाचा पाया आकड्यावर नव्हता. तो वर सांगितलेल्या तपासण्यांवर होता, आणि त्यांतल्या एकीलाही काटछेद दुप्पट झाल्याने धक्का लागत नाही.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रे डेव्हिस यांनीही सव्हाना रिव्हरलाच प्रयोग केला होता ना?

केला होता, क्लोरीनवर आधारलेला. त्यांना काहीच सापडलं नाही, आणि ते न सापडणंही महत्त्वाचं ठरलं: भट्टीतून येतात ते प्रतिन्यूट्रिनो, आणि क्लोरीनचं आर्गॉनमध्ये रूपांतर करायला न्यूट्रिनो लागतो. डेव्हिस यांनी पुढे तीच पद्धत सूर्याकडे वळवली.

कोलारच्या खाणीत न्यूट्रिनो आधी सापडला की राइनेस यांना दक्षिण आफ्रिकेत?

हा आपल्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. दोन्ही बाजूंनी अर्धवट उत्तरं दिली जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वैश्विक किरण वातावरणावर आदळतात तेव्हा न्यूट्रिनोही तयार होतात. ते पकडायचे तर इतक्या खोल जायला हवं की वरून येणारे म्यूऑन (वैश्विक किरणांतून तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) खडकातच जिरतील. खोलवर वरून येणारा म्यूऑन जवळजवळ उभा येतो. आडवा येण्यासाठी त्याला कित्येक पट खडक भेदावा लागेल, जे शक्य नाही. न्यूट्रिनोला मात्र खडकाचं काहीच वाटत नाही, तो कुठूनही येतो आणि उपकरणाजवळच्या खडकात टक्कर होऊन म्यूऑन निर्माण करू शकतो. म्हणून खोल खाणीत आडवा म्यूऑन दिसला तर तो न्यूट्रिनोचा पुरावा.

राइनेस यांचा गट केस इन्स्टिट्यूट आणि विट्‌वाटर्सरँड विद्यापीठ यांचा मिळून होता. तिथले प्रमुख सहकारी फ्रीडेल सेलशॉप. जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत ३.२ किलोमीटर खोलीवर त्यांनी द्रव सिंटिलेटरच्या लांब पेट्या मांडल्या. त्याच वेळी तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या कोलार गोल्ड फील्ड्‌समध्ये, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबईची टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांचा गट काम करत होता. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन, पी. व्ही. रमणमूर्ती, व्ही. एस. नरसिंहम्, मियाके, वुल्फेंडेल ही त्यातली नावं. कोलारच्या सर्वांत खोल पातळीवर आधीच्या मोजणीत महिन्या-दोन महिन्यांत एकही म्यूऑन दिसला नव्हता. त्यावरूनच ही जागा न्यूट्रिनोसाठी योग्य आहे हे या मंडळींनी हेरलं. त्यांच्या उपकरणात प्लास्टिक सिंटिलेटरच्या भिंती होत्या आणि मधे निऑनच्या नळ्यांच्या ओळी, ज्या कणाच्या मार्गावर उजळायच्या. त्यामुळे कणाची वाट डोळ्यांना दिसायची.

आता क्रम. राइनेस यांच्या गटाची पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ ची. कोलारच्या गटाचा निबंध ‘फिजिक्स लेटर्स’मध्ये १५ ऑगस्ट १९६५ रोजी आला, आणि राइनेस यांचा ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये ३० ऑगस्ट १९६५ रोजी. नोंद आधी त्यांची, छापून आधी आलं ते आपलं. निसर्गात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोचा हा पहिला पुरावा दोन्ही गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मिळवला. ‘भारताला डावललं’ किंवा ‘भारत पहिला’ अशी घोषणा करण्यापेक्षा हे वाक्य जसंच्या तसं सांगणं जास्त अभिमानाचं आहे. कोलारच्या खाणीत उतरलेल्या माणसांची कामगिरी त्याने रतिभरही कमी होत नाही.

प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्यात राइनेस यांचा काय वाटा?

फार जुना. प्रोटॉन कायम टिकतो असं गृहीत न धरता त्यांनी, कावन आणि मॉरिस गोल्डहेबर यांनी १९५४ मध्येच न्यूट्रिनोसाठी बनवलेल्या डिटेक्टरचा वापर करून त्याच्या आयुष्याची किमान मर्यादा घालून दिली होती. सत्तरच्या दशकात महाएकीकरणाचे, म्हणजे निसर्गातली मूलभूत बलं एकाच चौकटीत बसवू पाहणारे सिद्धांत आले आणि प्रोटॉन कधीतरी मोडतो असं भाकीत झालं. तेव्हा राइनेस यांच्या अर्व्हाइनच्या गटाने मिशिगन विद्यापीठ आणि ब्रूकहेवन प्रयोगशाळेला बरोबर घेऊन ओहायोतल्या एरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत, ६०० मीटर खोलीवर, ८००० टन शुद्ध पाण्याचा हौद उभारला. आत २०४८ फोटोमल्टिप्लायर नळ्या. तिन्ही संस्थांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं आयएमबी. १९८२ मध्ये मोजणी सुरू झाली.

त्याआधी १९८० पासून कोलारलाही टीआयएफआर-ओसाका गटाचा १४० टन लोखंडाचा प्रोटॉन-ऱ्हास प्रयोग चालू होता आणि त्यात काही संशयित घटनाही दिसल्या होत्या. आयएमबीच्या कितीतरी मोठ्या हौदात तसं काही आढळलं नाही. प्रोटॉन आजवर कुणालाही मोडताना दिसलेला नाही.

मग आयएमबी वाया गेला?

मुळीच नाही. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर आले. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या घटनेला त्याच तारखेला बरोबर २२ वर्षं झाली होती. आयएमबीत काही सेकंदांत ८ घटना नोंदल्या गेल्या, जपानच्या कामिओकांदेत ११. विशेष म्हणजे त्या वेळी आयएमबीचा एक वीजपुरवठा बिघडला होता आणि सुमारे पाव भाग नळ्या बंद होत्या. तरी उपकरणाने काम केलं. सूर्यमालेबाहेरचा न्यूट्रिनो प्रथमच असा टिपला गेला, आणि तारा कोसळताना बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनोच घेऊन जातात हे प्रत्यक्ष मोजता आलं.

राइनेस यांचा एखादा निष्कर्ष चुकीचा ठरला का?

हो. १९८० मध्ये त्यांनी हेन्री सोबेल आणि एलेन पासिएर्ब यांच्यासह सव्हाना रिव्हरच्या मोजणीवरून असं मांडलं की न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतो, म्हणजे त्याचं दोलन होतं, याचा पुरावा मिळाला आहे. त्यांनी प्रयोग जड पाण्यावर केला होता. त्यानंतर फ्रान्समधल्या ग्रेनोबल आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्योसगेन अणुभट्ट्यांजवळच्या मोजणीतून त्याला आधार मिळाला नाही.

न्यूट्रिनोचं दोलन खरं आहे, हे १९९८ मध्ये सुपर-कामिओकांदेने दाखवलं आणि २००२ मध्ये कामलँडने भट्ट्यांच्या प्रतिन्यूट्रिनोंवरही सिद्ध केलं. म्हणून काही जण ‘राइनेस यांना आधीच दिसलं होतं’ असं म्हणतात. ते बरोबर नाही. भट्टीपासून ११ मीटरवर त्यांनी सांगितलं तेवढं दोलन आजच्या ज्ञात मापांत बसत नाही. दोलनाची कल्पना खरी निघाली, त्यांचा पुरावा मात्र टिकला नाही. संशोधकाच्या नोंदीत हीही नोंद राहिली पाहिजे. त्याच जागी १९७६ मध्ये त्यांच्याच गटाने प्रतिन्यूट्रिनो इलेक्ट्रॉनवर आदळून उसळतो हे मोजलं होतं. ते मोजमाप फार कठीण होतं आणि त्याची पुरेशी वाखाणणी होत नाही, याची मला खंत वाटते.

नोबेल मिळायला ३९ वर्षं का लागली? आणि कावन यांना का नाही?

पहिल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. म्यूऑन-न्यूट्रिनो या न्यूट्रिनोच्या दुसऱ्या प्रकाराचा १९६२ चा शोध लावणाऱ्या लेडरमन, श्वार्ट्झ आणि स्टाइनबर्गर यांना १९८८ मध्येच नोबेल मिळालं होतं. मूळ न्यूट्रिनो शोधणाऱ्याला त्यानंतर ७ वर्षांनी. १९९५ चं पारितोषिक राइनेस आणि टाऊ कण शोधणारे मार्टिन पर्ल यांना विभागून दिलं गेलं.

कावन १९७४ मध्ये, ५४ व्या वर्षी वारले आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. १९५७ नंतर ते लॉस अलामोस सोडून वॉशिंग्टनला शिकवायला गेले होते. त्यांचं नाव हळूहळू तळटीपेत जातंय याचं वाईट वाटतं. शिकवताना ‘राइनेस-कावन प्रयोग’ असं पूर्ण नाव घ्यावं, ही शिक्षकांना विनंती.

बाँबच्या कामाबद्दल काय म्हणायचं?

ते झाकून ठेवू नये. राइनेस यांनी पंधरा वर्षं लॉस अलामोसला काढली, पॅसिफिकमधल्या चाचण्यांत जबाबदारीची पदं सांभाळली. १९५१ च्या एनिवेटोकच्या चाचणीमालिकेत प्रयोगांची सूत्रं त्यांच्याकडे होती. चाचण्यांमुळे तिथल्या बेटांवरच्या लोकांना घरदार सोडावं लागलं, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. मोठी उपकरणं कमी वेळात उभारण्याची त्यांची हातोटी याच कामातून आली. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतात.

भौतिकशास्त्राशिवाय काही?

गाणं. क्लीव्हलँडला असताना ते तिथल्या नामांकित वाद्यवृंदाच्या गायकवृंदात गात असत.

त्यांची पद्धत आज महाराष्ट्रात कुठे वापरली जाते का?

मुंबईतच, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. तिथल्या १०० मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या ध्रुव अणुभट्टीजवळ, गाभ्यापासून सुमारे १३ मीटरवर, ‘इस्मरान’ हा प्रतिन्यूट्रिनो डिटेक्टर उभारण्यात आला आहे. प्लास्टिक सिंटिलेटरच्या १०० लांब पट्ट्या, दहा ओळींत दहा-दहा, एकूण वजन सुमारे एक टन. न्यूट्रॉन शोषायला कॅडमियमऐवजी गॅडोलिनियम, तेही पट्ट्यांभोवती गुंडाळलेल्या पातळ फॉइलवर लावलेलं. आधी १६ पट्ट्यांचं छोटं रूप करून तपासलं गेलं.

तत्त्व तेच: आधी पॉझिट्रॉनची खूण, मग न्यूट्रॉनची. अडचणही तीच, जी हॅनफर्डला होती: उपकरण जमिनीवर आहे, डोक्यावर डोंगर नाही, त्यामुळे वैश्विक किरण आणि भट्टीचे भटके न्यूट्रॉन यांच्यापासून खुणा वेगळ्या काढाव्या लागतात. पट्ट्या सुट्या असल्याने कुठल्या पट्टीत चमक कधी दिसली यावरून ही छाननी करता येते, जी सोय राइनेस यांच्या मोठ्या टाक्यांत नव्हती. उपयोगही निव्वळ अभ्यासापुरता नाही. प्रतिन्यूट्रिनोंच्या संख्येवरून भट्टी किती शक्तीवर चालू आहे हे बाहेरून, भट्टीला हात न लावता कळतं. आणि इंधनात युरेनियम घटून प्लुटोनियम वाढत जातं तसा त्या संख्येत आणि ऊर्जेत होणारा बदलही मोजता येतो.